श्रावण संपल्यावर काय?

ताई,
नाव छापू नका, बडोद्यात दांडिया बाजारात मला अर्धं गाव ओळखतं. वय ४६, वजन १२८ किलो, उंची साडेपाच फूट. मकरपुऱ्यात एका कारखान्यात परचेस बघतो. शुगर आहे, ॲसिडिटी आहे, रात्री नाकाला मशीन लावून झोपतो, गुडघ्यांसाठी गोळ्या चालू असतात. वजन कमी करायचं बायपासचं ऑपरेशन ठरलंय, त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात. सर्जन म्हणाले सिगारेट निदान सहा आठवडे आधी पूर्ण बंद आणि दारूही सोडा. सिगारेट रोज एक पाकीट, कधी दीड. बसणं आधी फक्त शनिवारी असायचं, पादरा रोडला मित्राच्या फार्मवर. आता जवळजवळ रोज, घरीही. गुजरातेत दारूबंदी असली तरी माझ्याकडे हेल्थ परमिट आहे, म्हणजे दारू घ्यायचा सरकारी परवाना, त्यामुळे सगळं कायदेशीर. बायकोला वाटतं दोन पेग. दोनाचे चार कधी झाले कळलं नाही, शनिवारी सहाही होतात. पण मी व्यसनी नाही. श्रावण दरवर्षी कडक पाळतो, यंदाही पाळला, थेंब नाही. पहिले तीन-चार दिवस झोप लागत नाही, घाम येतो, हात जरा थरथरतात, मग सगळं व्यवस्थित. विसर्जनानंतर पुन्हा सुरू. मित्र म्हणतो डॉक्टर उगाच घाबरवतात, सिगारेट आठवडाभर आधी सोडली तरी टेस्टमध्ये येत नाही. तर विचारायचं असं की हे खरं का, सिगारेटऐवजी तंबाखूचा मसाला चालेल का, दोन्ही एकदम सोडू की एकेक, सर्जनना खरा आकडा सांगू का (ते ऑपरेशन रद्द करतील अशी भीती वाटते), आणि मुख्य म्हणजे ऑपरेशननंतर किती दिवसांनी थोडं थोडं सुरू करता येईल?
ता.क. आधीचे दोन आठवडे लिक्विड डाएट सांगितलंय. बिअरही लिक्विडच ना?
तुमचा एक वाचक

भाऊ,

तुमच्या ता.क.ला मी हसले, ते आधी कबूल करते. उत्तर मात्र पत्राच्या मधल्या एका वाक्यापासून देणार आहे. 'हात जरा थरथरतात.' तुम्ही ते श्रावण पाळल्याचा पुरावा म्हणून लिहिलंय, आणि मी चौतीस वर्षं भूल देण्याचं काम केलेली बाई, मला अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य मोठ्या अक्षरात दिसलं.

दारू मेंदूला गुंगवते. रोज गुंगवलं की मेंदू त्यावर उपाय म्हणून स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. मग एक दिवस, समजा गटारीच्या दुसऱ्या दिवशी, दारू बंद होते आणि वाढवलेला वेग तसाच उरतो. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. थोड्या जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, नसलेलं दिसू लागतं. त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस जाऊ शकतो. तुमचं दर श्रावणात थरथरीवर भागलं. पुढच्या खेपेलाही तेवढ्यावर भागेल याची खात्री कोणी देत नाही. उलट अशी सोड-धर जितक्या वेळा होते तितका पुढचा त्रास वाढत जाऊ शकतो.

ऑपरेशननंतर हे घडतं तेव्हा कसं दिसतं ते सांगते. बरीच वर्षं झाली. पित्ताशयाच्या ऑपरेशनला पन्नाशीचे एक गृहस्थ आले होते, आपल्यातलेच, कपाळाला गंध, बरोबर बायको, मुलगा, मेव्हणा. मी सगळ्यांदेखत विचारलं, "दारू वगैरे काही?" उत्तर बायकोनं दिलं, "छे हो डॉक्टर, आपल्या गुजरातेत कुठली दारू!" गृहस्थ नुसते हसले. मी फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळी. ऑपरेशन सुरळीत झालं. तिसऱ्या रात्री दोनला वॉर्डातून फोन आला. जाऊन बघते तर हे पलंगावर मांडी घालून बसलेले, चादरीवरून चिमटीनं काहीतरी उचलतायत आणि शेजारच्या वाटीत टाकतायत. एकेक करून, अगदी निगुतीनं. काय करताय म्हटलं तर म्हणाले, "तांदळाला मुंग्या लागल्यात." सदरा घामानं चिंब, नाडी एकशे चाळीस, सलाईन उपटून टाकलेलं. पहाटे मुलानं मला जिन्यापाशी गाठून सांगितलं की बाबा आठ वर्षं रोज घेतात, क्वार्टरच्या वर. ते वाचले. चूक बायकोची नव्हती, माझी होती. प्रश्नही चुकीचा आणि विचारला तोही भर गर्दीत. तेव्हापासून मी नातेवाइकांना चहाला पिटाळायचे आणि 'घेता का' न म्हणता 'किती घेता' असं विचारायचे. जो आकडा येईल तो मनातल्या मनात दुप्पट करायचे.

तेव्हा उद्या सकाळपासून दारू एकदम बंद, असा पराक्रम घरच्या घरी करू नका. सल्ला सदरात 'लगेच सोडू नका' असं लिहावं लागतंय, पण तुमच्या हातांमुळे लिहावं लागतंय. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आपल्या सयाजी हॉस्पिटलात तो विभाग आहे, खाजगीतही भेटतील. हेच त्यांचं रोजचं काम आहे. ते काही दिवस कमी-कमी होत जाणाऱ्या गोळ्या देतील, म्हणजे मेंदूचा वेग हळूहळू खाली येईल. बरोबर बी-वन देतील, म्हणजे थायामिन. दारू घेणाऱ्यांच्या शरीरात ते मुळात कमी असतं. बायपासनंतर खाणं चमच्या-चमच्यानं होतं आणि त्यात उलट्या लागल्या तर आणखी कमी पडतं. फार कमी झालं तर डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, स्मरणशक्तीवर कायमचा घाव बसू शकतो. साधं, स्वस्त जीवनसत्त्व आहे, त्यासाठी एवढं गमावू नका. जायचं धाडस होत नसेल तर आधी १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन लावा. नाव सांगावं लागत नाही.

परमिटचं म्हणाल तर मला त्याची गंमत वाटते. राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, गुजरातेत दारूबंदी आहे आणि त्यातून सुटका हवी तर कागदावर 'आरोग्य' लिहावं लागतं. एका खिशात आरोग्यासाठी दारू लागते असा कागद, दुसऱ्या खिशात आरोग्यासाठी दारू सोडा असा. दोन्ही डॉक्टरांच्याच सहीचे. परमिट पोलिसांसाठी असतं, लिव्हरला ते दाखवता येत नाही.

आता सर्जनना आकडा सांगायचा का. सांगायचाच, आणि खरा. त्याचं एक कारण सहसा कोणी समजावून सांगत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण तीस मिलीची पिशवी करतात, म्हणजे दोन मोठे चमचे मावतील एवढी, आणि ती लहान आतड्याला जोडतात. हा जोड पहिल्या काही दिवसांत गळला तर पहिली खूण बरेचदा दुखणं नसते, ताप नसतो. नाडी वाढते, बस. म्हणून सर्जन तुमच्या नाडीवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. आणि दारू तुटली की काय वाढतं? नाडीच. तिसऱ्या दिवशी तुमची नाडी १३० झाली आणि त्यांच्या कागदावर 'क्वचित, समारंभापुरती' असं लिहिलेलं असेल, तर ते गळती समजून पुन्हा पोटात शिरतील. किंवा दारूची कुणकुण लागली तर खरीखुरी गळती दारूच्या खात्यावर टाकून वाट बघत बसतील. दोन्हींत भोगणार तुम्ही. रद्द करतील ही भीती समजते, पण बहुतेक वेळा रद्द होत नाही, पुढे ढकललं जातं. हे ऑपरेशन काही फुटलेलं अपेंडिक्स नव्हे. उत्तरायणाचे पतंग उडवून झाल्यावर केलं तरी बिघडत नाही.

भूलतज्ज्ञालाही वेगळं सांगा. रोज दारू घेणाऱ्याला भुलेचं औषध बरेचदा जास्त लागतं, आणि तुमचं वजन, घोरणं, ती नाकावरची मशीन, यामुळे आमचं काम आधीच अवघड असतं. तुम्हाला आडवं केलं की पोटाचा भार छातीच्या पडद्यावर येतो, फुप्फुसात शिल्लक हवा थोडी राहते. श्वास थांबवून नळी घालेपर्यंत सडपातळ माणूस जितका वेळ देतो तितका तुम्ही देत नाही.

त्यात सिगारेट. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोरानं चिकटतो, म्हणजे ऑक्सिजनची जागाच अडवून बसतो. बोटाला लावायचा तो चिमटा, करोनात घरोघरी आला होता तो, त्याला हा फरक कळत नाही. तो दोघांना एकच समजून ९८ दाखवतो. ऑपरेशनच्या सकाळी बाथरूममध्ये जाऊन शेवटची मारून आलेली माणसं मी पाहिली आहेत. तोंडाला वेलचीचा वास आणि चिमट्यावर ९८. हा वायू दिवसभरात बराचसा निघून जातो, म्हणून एक दिवस आधी सोडण्यालाही किंमत आहे. पण श्वासनळीतली कफ वर ढकलणारी बारीक लव पुन्हा कामाला लागायला आणि कातडीपासून आतड्यापर्यंतचा रक्तपुरवठा सुधारायला आठवडे जातात. सहा आठवड्यांचा आकडा तिथून येतो. अमेरिकेतल्या वजनाच्या सर्जनांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं तर म्हणतात की जमलं तर वर्षभर आधी, अगदीच नाही तर सहा आठवडे. आणि 'ऑपरेशनच्या तोंडावर सोडली तर खोकला वाढतो, त्यापेक्षा ओढत राहा' असं पूर्वी आमच्यातलेही काही डॉक्टर सांगायचे. पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. उशिरा सोडलेली न सोडलेल्यापेक्षा केव्हाही बरी.

मित्राची टेस्टची थिअरी अगदीच टाकाऊ नाही. टेस्ट कोटिनिनची असते, निकोटिन शरीरात मोडलं की ते बनतं. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, कोटिनिनला निम्मं व्हायला सोळा-वीस तास लागतात. आठ-दहा दिवस तोंड बंद ठेवलं तर लघवीची टेस्ट बरेचदा निघून जाईल. मग सर्जन तुम्हाला टेबलावर घेतील. पुढचं काम मात्र रक्तवाहिन्यांचं आहे, आणि तो रिपोर्ट त्यांनी वाचलेला नसतो.

मसाला चालेल का, तर नाही. मसाल्यात सुपारीबरोबर तंबाखूच असतो ना? निकोटिन गालातून गेलं काय नि छातीतून गेलं काय, रक्तवाहिनी तशीच आकसते. आपण चरोतराच्या वेशीवर राहतो, बिडीच्या तंबाखूची शेतं ओलांडून आणंदला जातो, त्यामुळे तंबाखू आपल्याला भाजीपाल्यासारखा वाटतो. माझी आई मिश्री लावायची आणि 'मी कुठे तंबाखू खाते' म्हणायची. मसाला, मिश्री, हुक्का, सगळं त्यातच धरा. ई-सिगारेटवर तर २०१९ पासून देशभर बंदी आहे, त्यामुळे कोणी 'ही चालते' म्हणून हातात ठेवली तर घेऊ नका.

दोन्ही एकदम की एकेक? तुमच्या बाबतीत मी दोन्ही एकदम म्हणेन, फक्त दारूची बाजू डॉक्टरांच्या हातात देऊन. पहिला पेग भरला की हात आपोआप पाकिटाकडे जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक चालू ठेवून दुसरं सोडणं म्हणजे पोह्यांची फोडणी करायची आणि पोहे टाकायचे नाहीत. अनंत चतुर्दशी नुकतीच झाली. पंधरवड्यानं घटस्थापना. तिथून त्रिपुरी पौर्णिमा मोजली तर सहा आठवडे आणि वर एखाददुसरा दिवस भरतो, म्हणजे घटस्थापना ही तुमची शेवटची तारीख आहे. पहिली नव्हे. त्याआधी, पितृपक्षात, डॉक्टरांची भेट आणि औषधांची सोय उरकून घ्या. पितृपक्षात काही नवीन सुरू करत नाहीत म्हणाल, पण आपण इथे बंद करतोय.

गोळ्यांची एक भानगड लक्षात ठेवा. सिगारेट सोडवायला ब्युप्रोपियॉन नावाची गोळी देतात. चांगली आहे, पण दारू अचानक बंद करणाऱ्याला ती चालत नाही, फिटचा धोका वाढतो. म्हणजे सिगारेटच्या डॉक्टरांपासून दारू लपवली तर तेही धोक्याचं. व्हॅरेनिक्लिन आहे, निकोटिनचं च्युइंगम आहे, पट्टी आहे. काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. च्युइंगम किंवा पट्टी घेणार असाल तर सर्जनना आधी सांगा, कारण कोटिनिनची टेस्ट त्यानंही पॉझिटिव्ह येते आणि तुम्ही खरं बोलूनही खोटे ठरता. ऑपरेशनच्या आधी तेही कधी थांबवायचं ते त्यांनाच विचारा, प्रत्येक सर्जनचा नियम वेगळा असतो. च्युइंगम चघळत राहायचं नसतं. हळूहळू चावायचं, तोंडात चुणचुणलं की गालात सरकवून ठेवायचं, चुणचुण गेली की परत चावायचं. आपल्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, तंबाखूची गोळी ठेवायची सवय असतेच. चहा, कॉफी, लिंबूपाणी याच्या लगेच नंतर घेतलं तर ते नीट शोषलं जात नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्या. सिगारेट सुटली की चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकतं, तेव्हा कप निम्मे करा. नाहीतर कॅफिनच्या धडधडीला तुम्ही तलफ समजाल आणि पानाच्या गल्ल्यावर जाऊन उभे राहाल.

पहिले तीन दिवस वाईट जातात, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ मात्र पाच-दहा मिनिटांची असते. माझे यजमान सिगारेट सोडताना ती वेळ काढायला बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायचे. त्या महिन्यात आमची तुळस कुजली. तुम्हाला फोनवर बोलून बरं वाटत असेल तर पाकीट हातात घ्या, इशाऱ्याच्या चित्राजवळ नंबर छापलाय, १८००-११-२३५६. इतकी वर्षं खिशात घेऊन फिरताय, एकदा लावून बघा. फुकट आहे.

वजन वाढेल का? सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, खोटं कशाला सांगू. पण साठ मिलीच्या एका पेगात साधारण वीस ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे एकशे चाळीसेक कॅलरी. तुमचे चार धरले तर रोजच्या साडेपाचशे. वर शेव, तळलेले शेंगदाणे आणि लिलो चिवडा, तो मी मोजलेलाच नाही. हिशोब तुमच्या बाजूनं सुटतो.

आता तुमचा 'मुख्य' प्रश्न. नंतर किती दिवसांनी?

भाऊ, तुम्ही या ऑपरेशनला श्रावण समजून चाललाय. एवढे दिवस कळ काढायची, मग विसर्जन, मग सुटलो. श्रावणानंतर सगळं पूर्ववत होतं कारण श्रावणात शरीर बदललेलं नसतं. बायपासनंतर ते बदललेलं असतं. सिगारेटचं उत्तर सोपं आहे, कधीच नाही. पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय तिथे व्रण होतो, त्याला मार्जिनल अल्सर म्हणतात. धूम्रपान हे त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. तो ऑपरेशननंतर वर्षांनीही होतो, कधी त्याला भोक पडतं आणि माणूस रात्री-अपरात्री पोट धरून येतो. दुसरं मोठं कारण म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. तुमच्या गुडघ्यांच्या त्या डायक्लोफेनॅकसारख्या असतील तर सर्जनना आजच सांगा, नंतर त्याही बंद होतील.

दारूचं असं की आत्ता ती जठरात थोडी थांबते, थोडी तिथेच मोडते, मग हळूहळू पुढे जाते. बायपासनंतर ती थेट लहान आतड्यात जाते आणि काही मिनिटांत रक्तात चढते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात बायपास झालेल्या बायकांना तिकडच्या मापाच्या दोन ड्रिंकएवढी दारू दिली, तर रक्तातलं प्रमाण ऑपरेशन न झालेल्यांनी चार घेतल्यासारखं झालं. २०१५ सालची गोष्ट. रक्तात शंभर मिलीला तीस मिलिग्रॅम ही आपल्याकडची गाडी चालवण्याची मर्यादा. एका पेगात तुम्ही तिच्या पलीकडे जाऊ शकता, तेही आपण शुद्धीत आहोत असं समजून. त्यात पोटात अन्न नाही, शुगरची औषधं बदललेली, म्हणजे साखर धाडकन खाली येण्याची भीती.

आणि यापेक्षा अवघड एक गोष्ट आहे. वजनाच्या ऑपरेशनच्या रुग्णांचा तिकडे मोठा पाठपुरावा झाला. २०१२ मध्ये त्यातून दिसलं की दारूची समस्या ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी ७.६ टक्के लोकांना होती, दुसऱ्या वर्षअखेर ती ९.६ टक्क्यांवर गेली. २०१७ मध्ये पुढचं आलं. बायपासच्या आधीच्या वर्षी ज्यांना काही समस्या नव्हती, त्यांच्यातही पाच वर्षांत साधारण पाचांतल्या एकाला ती सुरू झाली होती. पुरुष, सिगारेट ओढणारे आणि आधीपासून नियमित घेणारे यांना धोका जास्त. या तिन्ही रांगांत तुम्ही उभे आहात. एरवी सर्जन निदान सहा महिने, वर्षभर थांबायला सांगतात आणि मग बघू म्हणतात. हात थरथरणाऱ्या माणसाला मी 'मग बघू' म्हणणार नाही. तुमच्यासाठी माझं उत्तर 'नाही' असंच आहे. हे ऐकून ऑपरेशनच नको वाटलं तर तसंही सर्जनना सांगा, तोही एक प्रामाणिक निर्णय आहे. पण शुगर, घोरणं आणि गुडघे बघता मी तुमच्या जागी असते तर ऑपरेशन केलं असतं.

बायकोला सांगायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्रात ते आहे. सांगा. आकड्यासकट. तिसऱ्या रात्री पलंगाशेजारी तीच बसलेली असणार. तिला ठाऊक असेल तर ती नर्सला वेळेवर हाक मारेल. आधी डॉक्टरांना एकट्यानं भेटा आणि मग त्यांच्यासमोर तिला बोलवा, असं केलं तर घरी एकट्यानं कबुली देण्यापेक्षा सोपं जातं. माझा अनुभव असा की बायकांना दोनाचे चार बरेचदा आधीच कळलेले असतात. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याला कोण देतं?

फार्मवर नवरात्र-दिवाळीभर जाऊ नका. 'मी नुसता बसेन, सोडा घेईन' हे मी फार जणांकडून ऐकलंय. मित्राला सांगा, ऑपरेशन आहे, दिवाळीनंतर भेटू, कमाटीबागेत सकाळी. आला तर मित्र, नाही आला तर त्याला फक्त बैठकीला चौथा गडी हवा होता. एखाद्या शनिवारी पाय घसरलाच, तर सोमवारी सर्जनना फोन करून तेही सांगा. तारीख पुढे जाईल, जाऊ दे.

आणि तुमचा ता.क. लिव्हरचा डावा भाग जठरावर छपरासारखा पसरलेला असतो. तो उचलून धरल्याशिवाय दुर्बिणीतून खालचं काही दिसत नाही. तुमच्या वजनाला तो चरबीनं फुगलेला असतो, उचलताना फाटतो, रक्त येतं. दोन आठवड्यांच्या त्या डाएटनं तो आकसतो, एवढ्यासाठीच ते असतं. बिअरनं तो पुन्हा फुगेल. तेव्हा बिअर लिक्विड असली तरी नाही. सर्जननी दिलेल्या यादीत ताक असेल तर ते घ्या, लोणी काढलेलं, गाळून, जिऱ्याची पूड घालून. रवीनं चांगलं घुसळलं तर फेसही येतो.